नरसाळ्यावरची धूळ

गावात तिला सगळे 'साडेआठ' म्हणत. तोंडावर साडेआठमावशी, पाठीमागे नुसतं साडेआठ. कारण रोज सकाळी घड्याळात साडेआठ वाजले की ती अंगणातल्या तारेच्या कुंपणाचं फाटक उघडून आत जायची, आणि तिला आत जाताना बघून समोरचा शिंपी दुकानाचं घड्याळ लावायचा. कुंपणाच्या आत उंच पायांवर झडपांची एक पांढरी पेटी होती, तिच्यात चार तापमापक. पेटीच्या अलीकडे पाऊस मोजायचं नळकांडं जमिनीत रोवलेलं, त्याच्या तोंडाशी पितळी काठाचं नरसाळं. एवढाच संसार. पण डोंगरातल्या या खोऱ्यात किती पाऊस पडला आणि किती ऊन तापलं, हे सरकारला कळायचं ते या अंगणातूनच.

हे काम तिच्या सासऱ्यांनी घेतलं होतं. त्यांची नजर अधू झाली तेव्हा ते मुलाला म्हणाले, "तू घे." मुलगा म्हणाला, "रोज उठून रिकामं भांडं कोण बघत बसणार?" मग सुनेने, म्हणजे हिने, घेतलं. त्याला सव्वीस वर्षं झाली. मुलगी झाली त्या सकाळीही तिने खाटेवरून शिंप्याच्या बायकोला आकडे वाचायला पाठवलं, आणि दोनदा परत पाठवलं, कारण शिंप्याची बायको दशांश चिन्ह विसरून आली होती. नवरा गेला तो सकाळी सात वाजता. घर माणसांनी भरलं, आणि साडेआठला ही उठून फाटकाकडे गेली. नणंद म्हणाली, "दगडच आहे बाई." त्या दिवशीचा आकडा वहीत आहे, अक्षर जरासं वाकडं आहे, खाडाखोड नाही. सव्वीस वर्षांच्या वह्यांत कुठेच खाडाखोड नाही, याचा तिला अभिमान होता. आणि अभिमान माणसाला कुठे आणून ठेवतो ते तिला त्या उन्हाळ्यासारख्या पावसाळ्यात कळलं.

पावसाने दडी मारली होती. डोंगरात पाऊस आखडू शेजाऱ्यासारखा वागतो, एका दारात जातो, दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. खिंडीपलीकडे सरी पडत होत्या, अलीकडे पारा बेचाळीसवर. कार्यालयाचा नियम साधा होता: सलग एकवीस दिवस रोज अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झाला, तर खोरं कोरडं धरायचं आणि वरच्या वस्त्यांना पाण्याचे टँकर सुरू करायचे. मधल्या एका दिवशी जरी जास्त पडला, तरी मोजणी पुन्हा एकपासून.

एकोणीस दिवस झाले होते. सगळ्यात वरच्या वस्तीत तिची मुलगी दिली होती, दोन महिन्यांचं बाळ घेऊन ती झऱ्याशी वाटीने पाणी भरत होती. दिवसाला दोन घागरी, त्यात बाळाचे कपडे, म्हाताऱ्या सासूचं पथ्यपाणी.

विसाव्या दिवशी पहाटे पाचलाच साडेआठमावशी विहिरीवर रांगेला गेली होती. परतली, पाठ टेकायलाही वेळ नव्हता. साडेआठला फाटक उघडलं, नरसाळं अलगद उचलून बाजूला ठेवलं, आतली बाटली काढली. ती जड लागली.

तिचा हात थबकला. रात्री पाऊस ऐकल्याचं आठवेना. अंगण कोरडं ठक्क. पण पहाटे ती घरात नव्हती, आणि विहीर टेकडीच्या त्या अंगाला. एखादी पळती सर येऊन गेली असेल, अशा वाऱ्यात जमीन वाळायला कितीसा वेळ लागतो? तिने पाणी काचेच्या मापात ओतलं, माप डोळ्यांच्या रेषेत धरलं. तीन पूर्णांक दोन. पाणी जरा गढूळ होतं. इतक्या दिवसांनी पडलं, धूळ घेऊन आलं असेल.

लिहावं की नाही? दोन वर्षांपूर्वी गावचा प्रमुख असाच दारात उभा राहिला होता, "मावशी, तीनच्या जागी दोन लिहा, कोण बघतंय?" तेव्हा तिने त्याला फाटकाबाहेर काढलं होतं. "माप सांगेल ते खरं, डोकं सांगेल ते नाही." सगळ्या गावाने ऐकलं होतं ते.

तिने लिहिलं. ३.२. रोजच्या सवयीने मापातलं पाणी कुंपणाबाहेरच्या लिंबाच्या बुडात ओतलं, बाटली आणि नरसाळं होतं तसंच परत बसवलं. कार्यालयात फोन केला. तिकडच्या मुलीने आकडा ऐकून "अरेरे" म्हटलं आणि लिहून घेतला.

दहा वाजता वरच्या वस्तीतून तिच्या मुलीचा फोन आला. तिथे बातमी आधीच पोचली होती.

"आई, तू तीन लिहिलंस?"

"भांड्यात जे होतं ते लिहिलं."

"इथे धूळसुद्धा बसली नाही गं. तुमच्या अंगणातच काय तो स्वतंत्र ढग आला का?" आवाज चिरका झाला. "वीस दिवस मोजत होतो आम्ही. भिंतीवर रेघा मारल्यात सासूबाईंनी."

"मी काय करू?"

"काही नको करू. तू कधी काही केलंयस?" फोन बंद.

मागे काहीतरी आपटलं. तिची सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातातलं पातेलं खाली पडलेलं.

"अहो आई," ती म्हणाली, "चादर."

"कसली चादर?"

"आपल्या छोटीने रात्री उलटी केली. मोठी चादर भरली. काल भांडी विसळल्याचं पाणी होतं, त्यातच धुतली. तुम्ही विहिरीवर होता. बाहेरच्या दोरीवर आधीच गोधड्या होत्या, म्हणून..." तिने फाटकाकडे बोट केलं. "म्हणून फाटकाच्या खांबापासून पेटीच्या पायापर्यंत दोरी बांधली. तिथे ऊन लवकर येतं. तुम्ही यायच्या आत काढली."

"पिळली नव्हतीस?"

"एवढी मोठी चादर एकटीने पिळता येते का? दोन माणसं लागतात. हे घाटात बस चालवतायत, तुम्ही विहिरीवर."

त्या दोरीखाली बरोबर नळकांडं येत होतं. चादरीचं टोक, एकेक थेंब, दोन-अडीच तास. गढूळ पाणी! आणि ते तिने स्वतःच्या हाताने लिंबाला घातलं होतं.

"मला बोला तरी काहीतरी," सून म्हणाली.

"नंतर बोलीन, सवडीने. आत्ता फोन दे."

या वेळी कार्यालयातले साहेब स्वतः फोनवर आले. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मावशी, वरच्या वस्तीत तुमची मुलगी आहे ना?"

"आहे."

"सकाळी तीन पूर्णांक दोन. आता म्हणता चादर. कागदावर हे कसं दिसेल?"

"वाईट दिसेल."

"फार तर मी आजची नोंद बाद धरतो. पण बाद नोंदीच्या जागी शेजारच्या केंद्राचा आकडा भरायचा असतो. खिंडीपलीकडे काल सात पडलाय. म्हणजे तुमची मोजणी तुटलीच. ते पाणी तरी ठेवलंय का?"

"लिंबाला घातलं."

साहेबांनी उसासा टाकला. ती डोळे मिटून उभी राहिली. सव्वीस वर्षं तिने त्या नळकांड्याशिवाय दुसरं काही इतकं न्याहाळलं नव्हतं. आणि मग तिला ते दिसलं.

"साहेब, नरसाळं मी एक तारखेला पुसते. आज चोवीस. त्याच्यावर या वीस कोरड्या दिवसांची धूळ आहे. पाऊस पडला तर ती चारी बाजूंनी धुतो. चादर गळली तर एकाच बाजूने. तुम्ही या आणि डोळ्यांनी बघा. मी हात लावणार नाही."

पलीकडे कागद सळसळले. "चारपर्यंत येतो. पण मावशी, दोरीचं मला लिहावं लागेल. पेटीला दोरी बांधणं म्हणजे... केंद्र तुमच्याकडून काढूही शकतात."

"ते तुम्ही आल्यावर."

तिने कुंपणाच्या आत पाट टाकला, नळकांड्यापासून चार हात लांब, आणि डोक्यावर पदर घेऊन बसली. आत वाकून एकदाच पाहिलं होतं. पितळी काठाच्या आत पिठासारखी बारीक धूळ, आणि दोरीच्या बाजूला दोन बोटं रुंदीचा स्वच्छ पट्टा. जणू कुणी जिभेने चाटून घेतलंय. एवढाच तिचा साक्षीदार होता, आणि तो एका फुंकरीने उडण्यासारखा.

बारा वाजता वारा सुटला. समोरचा शिंपी दुकानातून ओरडला, "मावशी, आज साडेआठ दिवसभर वाजतायत का?"

"तुझं घड्याळ बघ," ती म्हणाली.

सुनेने पाण्याचा तांब्या आणून दिला. "मी बसते. तुम्ही आत जा, चक्कर येईल."

"तू बसलीस तर म्हणतील, जिने केलं तिलाच राखण." पण तांब्या तिने घेतला. दोन वाजता पेटी उघडून पारा पाहिला, बेचाळीस पूर्णांक सहा. वाऱ्याचा प्रत्येक झोत ती मोजत होती. नरसाळ्याच्या खोलगट पोटात धूळ अजून टिकून होती.

तीन वाजता खिंडीवरून ढग आला.

वीस दिवस ज्याच्यासाठी माणसं आकाशाकडे डोळे लावून बसली होती, तो आला आणि ती पाटावरून उठली. काळा, खाली झुकलेला, सरळ खोऱ्यात उतरणारा. शिंपी दुकानाबाहेर आला. पोरं नाचायला लागली. आणि साडेआठमावशी, जिने आयुष्यात पावसाला ये म्हटलं नाही की जा म्हटलं नाही, मनात म्हणाली, थांब. तासभर थांब रे बाबा. किंवा येणारच असशील तर मनसोक्त ये, की टँकरच नको. असा तळ्यात-मळ्यात येऊ नकोस.

पहिला थेंब पाटावर पडला. दुसरा तिच्या मनगटावर.

सून परात घेऊन धावत आली. "सरका आई, झाकते!"

"झाकू नकोस!"

"अहो, धूळ धुऊन जाईल! मग साहेबांना काय दाखवाल?"

"धुतली तर धुतली." मावशी तिच्या आणि नळकांड्याच्या मध्ये उभी राहिली. "आज आपण झाकलं, आणि उद्या सकाळी मी शून्य सांगितलं, तर ते शून्य कुणाचं? पावसाचं की परातीचं?"

"तिकडे बाळ आहे हो!"

"मला माहीत आहे कुठे बाळ आहे!" इतक्या जोरात ती कधी ओरडली नव्हती. रस्त्यावरची पोरं गप्प झाली. परात दोघींच्या मध्ये धरलेली, एक काठ सुनेच्या हातात, एक सासूच्या. तिच्यावर थेंब वाजले. टण. टण. मग थोडा वेळ काही नाही. टण.

आणि थांबले.

ढग वरच्यावर पुढे सरकला, कुणाच्या तरी दुसऱ्याच दारात जायला. दोघी तशाच उभ्या होत्या. आत वाकून बघायचा धीर दोघींनाही होईना.

साहेब पावणेचारला आले. जीपमधून उतरून, चष्मा पुसून, त्यांनी नळकांड्याशी गुडघे टेकले.

"हे ठिपके कसले?"

"साडेतीनला थोडे थेंब पडले. आम्ही झाकलं नाही."

"बरं केलंत." ते बाजूला सरकले. "या, बघा."

तिने पाहिलं. धुळीत बारीक खळगे पडले होते, देवीच्या व्रणांसारखे. इकडे दोन, तिकडे तीन, एक अगदी काठाशी, एक त्या स्वच्छ पट्ट्याच्या कडेला. सगळीकडे विखुरलेले. आणि पट्टा मात्र एका बाजूला, सरळ, आपला वेगळा.

"पाऊस असा पडतो," साहेब खळग्यांवर बोट न टेकवता म्हणाले. "आणि हे काहीतरी दुसरं आहे. नुसता पट्टा असता तर म्हणालो असतो, कोण जाणे, बोटाने पुसला असेल. पण ही दोन अक्षरं शेजारी शेजारी आहेत, एका हातची नाहीत." मग सुनेकडे वळले. "ती दोरी बांधून दाखवा. चादरही आणा."

सुनेने दोरी बांधली, चादर टाकली. टोक बरोबर पट्ट्यावर लोंबलं. साहेबांनी फोटो काढले, आणि वही मागितली.

मावशीने स्वतः लाल पेनने ३.२ वर रेघ मारली. सव्वीस वर्षांतली पहिली.

"शेऱ्यात 'बाह्य पाणी' लिहिलं तरी चालेल," साहेब हळूच म्हणाले.

"चादर लिहा. निरीक्षकाच्या घरची चादर. आणि सकाळी शंका आली असताना तिने विचारलं नाही, हेही लिहा."

"नोटीस येईल मावशी. केंद्र शाळेत हलवा म्हणतील."

"शाळेतल्या मास्तरांना दशांश चिन्ह शिकवायला मी जाईन," ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "आजचं शून्य धरलं ना?"

"धरलं. पण उद्याचं उद्या."

दुसऱ्या दिवशी साडेआठला कुंपणाबाहेर वीस-पंचवीस माणसं उभी होती. शिंप्याने दुकान उघडलं नव्हतं. तिने नरसाळं उचललं, बाटली काढली, मापावर उलटी धरली. काही आलं नाही. ती तशीच धरून ठेवली, मनात साठपर्यंत मोजून, मग खाली ठेवली.

"शून्य," ती फोनवर म्हणाली. "शेऱ्यात लिही, थेंब पडले, मोजण्याइतके नाहीत."

"एकवीस," तिकडची मुलगी म्हणाली आणि नाक ओढलं.

टँकर तिसऱ्या दिवशी सकाळी चढला. घाटात इंजिनाचा रडका आवाज येत होता तेव्हा सून अंगणात बादलीपाशी बसली होती. छोटीचं पोट अजून ठिकाणावर नव्हतं, चादर पुन्हा भरली होती. वहीच्या मागे खोचलेला नोटिशीचा लिफाफा कालच आला होता. साडेआठमावशीने घड्याळ पाहिलं, आठ वाजून दहा मिनिटं. अजून वेळ होता. तिने पदर खोचला आणि चादरीचं दुसरं टोक हातात घेतलं.

"तू तिकडून फिरव, मी इकडून."

"आई, तुमचं मनगट..."

"फिरव म्हणते ना. अजून. घट्ट. आणि दोरी कुठे बांधायची ते माहीत आहे ना आता?"

"विहिरीपलीकडे," सून म्हणाली.

"त्याच्याही पलीकडे," मावशी म्हणाली, आणि दोघींच्या मध्ये ताणलेल्या चादरीतून पाण्याची धार बादलीत पडली.