गिरणीवालीचा खोटा शेवट

कळमनुरीच्या एका वाचनालयात मी पुस्तकं देते-घेते. बायका येतात, पुस्तकाचं नाव सांगत नाहीत, लेखकाचं तर नाहीच. "सगळे उलटले तरी हटत न्हाई, तसली बाई असलेलं द्या," म्हणतात. ही पुस्तकं कपाटात टिकत नाहीत, पानं सुटेपर्यंत फिरतात. का, ते मला माझ्या मायनं शिकवलं. तिला अक्षरओळख नव्हती.

त्या वर्षी मी दहावीला गणितात नापास झाले. कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात ही बातमी पसरायला दुपारही लागली नाही. बा म्हणाला, "पुन्हा बसायचं तर शुक्रवारपर्यंत फॉरम भर. न्हाईतर सोयरीक पाहतो." खरं सांगते, मला इतकी लाज वाटत होती की लग्न परवडलं, पण त्या शाळेच्या फाटकातून पुन्हा आत जाणं नको.

हळदीच्या लागवडीचे दिवस होते. माय, काकी आणि शेजारच्या दोघी लिंबाखाली बेणं निवडत बसायच्या. मुळ्या काढायच्या, गड्डा अंगठ्यानं दाबून पाहायचा, मऊ लागला की बाजूला टाकायचा. माझ्या हाताला वेग नाही म्हणून मला वाचायला बसवलेलं. दहा दिवस एकच कादंबरी चालली होती. एका लंगड्या पोरीला बापामागं पिठाची गिरणी चालवायची असते आणि चुलता कुलूप लावतो. ती कुलूप तोडते, तो पट्टा कापतो. ती नवा पट्टा आणते, तर तो गावालाच सांगतो की तिथं दळू नका. वाचताना त्या चुलत्याचं नाव आलं की काकी हातातला गड्डा आपटायची, "मुडदा बशिवला त्याचा!" पोरीचं पुस्तकातलं नाव तर कधीच मागं पडलं. रोज मला पहिला प्रश्न हाच, "काय गं, गिरणीवालीचं आज काय?"

गुरुवारी शेवटचं प्रकरण होतं. तेवढ्यात दोघींतली एक शेजारीण म्हणाली, "पोरीच्या जातीला गणित काहून लागतंय?" माझं डोकंच फिरलं. मी पुस्तकात नसलेलंच वाचायला लागले. "तिनं किल्ली चुलत्याच्या हातात दिली. म्हणाली, मला जमत नाही. आणि ती मामाकडं निघून गेली." पुस्तक मिटलं. "संपलं."

काकी रडकुंडीला आली. "मंग एवढं सोसलं ते काहून, बाई?"

मायचा अंगठा गड्ड्यावर थांबला. "खोटं वाचून राहिली तू."

"तुला वाचता येतं का?" मी फाडकन बोलले.

"न्हाई येत. पर दहा दिवस ऐकून राहिले तिचं. ती तसली न्हाई. नीट वाच."

मला रडू फुटलं. रडत रडतच खरं पान वाचलं. गिऱ्हाईक एकही नसतं, तरी ती रोज सकाळी दार उघडते, गिरणी झाडते आणि बसून राहते. एक दिवस एक म्हातारी पदरात ज्वारी घेऊन येते. पुस्तक तिथंच संपतं. ती जिंकली असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. पण त्या चौघींना ती आपली वाटली, कारण कुणी येवो न येवो, सकाळी दार उघडायचं त्यांनाही चुकलेलं नव्हतं. काकीनं डोळे पुसले, ती शेजारीण माझ्याकडं बघेना.

शुक्रवारी बेणं तसंच टाकून माय माझ्याबरोबर शाळेत आली. कारकून म्हणाला, "पुन्हा नापास झाली तर, मावशी?"

"व्हईल," माय म्हणाली. "तुमी फॉरम द्या."

मी पुन्हा नापास झाले, चार मार्कांनी. निकाल घेऊन दारातच उभी राहिले, आत जायची हिंमत होईना. बा काही बोलायच्या आत माय चुलीपुढून म्हणाली, "आता फॉरम कधी भरायचा हाय?"