चढावर पास झालेली गाडी

दसऱ्याचा झेंडू वाहायला घेतलेल्या जुन्या क्वाड बाईकचे ब्रेक मी चढावर तपासले.

मुद्दाम तपासले असते तर निदान लबाड म्हणून नाव झालं असतं. तेही नाही. गाडी चढावर नेली, ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली आणि मी मनात म्हटलं, वा, काय ब्रेक आहेत.

क्वाड बाईक म्हणजे चार जाडजूड टायरांवर बसवलेली मोटरसायकल. त्र्यंबक रस्त्याकडच्या रिसॉर्टांत मुंबईचे पाहुणे हेल्मेट घालून गोल गोल फिरवतात, ती. असंच एक रिसॉर्ट बंद पडलं आणि तिथली एक म्हातारी गाडी मी घरी आणली. मी नाशिकच्या एका कचेरीत फायली पुढे सरकवतो. त्यामुळे स्वतःहून पुढे सरकणाऱ्या कुठल्याही वस्तूचं मला अप्रूप वाटतं.

शेत बायकोचं. सासऱ्यांनी तिला दिलेला तुकडा, गावाच्या वर, टेकाडावर. डांबरी रस्ता खाली, टेम्पो तिथेच थांबतो. वरून खाली क्रेट आणायला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर लागायचा. यंदा तिने पहिल्यांदाच, मेथीचा एक वाफा सोडून, सगळ्या तुकड्यात झेंडू लावला होता. आणि झेंडूचं कसं असतं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याला सगळं गाव विचारतं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गायसुद्धा विचारत नाही. माल वेळेवर खाली पोचला तर पीक, नाही तर पाचोळा.

"ट्रॅक्टर रविवारी सांगावा लागेल," ती म्हणाली. "नंतर तो दुसऱ्याकडे जातो."

"ट्रॅक्टर कशाला? आपली गाडी आहे की."

"तिचं पासिंग झालंय?"

आरटीओच्या बाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका एजंटाला मी मोबाईलवर फोटो दाखवला होता. त्याने तो बोटांनी मोठा करून पाहिला. "साहेब, हिला नंबरच मिळत नाही. रस्त्यावर आणूच नका. शेतात काय घालायचा तो गोंधळ घाला."

मी हे घरी जरा गाळून सांगितलं. "शेतात चालवायला परवानगी आहे म्हणाले."

"मग पासिंग मीच करते," बायको म्हणाली. "रविवारी. पास झाली तर ट्रॅक्टर नको. नापास झाली तर तिच्यावर पापड वाळत घाला."

इथे सांगायला हवं की स्कूटीच्या लायसन्सच्या वेळी तिने पहिल्याच फटक्यात आठचा आकडा काढून दाखवला होता. मी पाय टेकवले होते. परीक्षक म्हणून तिचा अधिकार वादातीत होता.

गाडीची बॅटरी मेलेली होती. नवी घ्यायचीच होती, पण दसऱ्याला दुकानदार सूट देतात, तोवर कशाला घाई, असा माझा हिशेब. शेजाऱ्याला अडचण सांगितली. गाव बायकोचं माहेर, त्यामुळे तो मला दाजी म्हणतो आणि दाजी म्हणून काय काय सोसायचं हे त्याने ठरवून टाकलेलं आहे.

"माझ्या मोटरसायकलची न्या की, दाजी. ट्रकवाले नाय का, पासिंगला जाताना दुसऱ्याचे टायर लावतात? तसंच. पण पासिंगपुरती हां."

बॅटरी बसली. एक तार जरा ताणावी लागली, एवढंच.

रविवारी बायको पदर खोचून आली. लाईट लागला. हॉर्न वाजला. मग तिने आठ काढायला सांगितला. मी तो मेथीच्या वाफ्याजवळ काढला. आठ निघाला, मेथी गेली.

"ब्रेक?"

मी गाडी झोकात चढावर घेतली आणि थांबवून दाखवली. ती बाजूने चालत होती. तिने पुन्हा थांबवायला लावली. मी पुन्हा थांबवली, तीही चढावरच.

"थांबते," ती म्हणाली. जरा निराशच झाली असावी. मग फोन काढून तिने शेजाऱ्याला ट्रॅक्टर नको म्हणून कळवलं.

संध्याकाळी तो येऊन आपली बॅटरी काढून घेऊन गेला. लागेल तेव्हा परत मागून घेऊ, असं मी म्हटलं. स्वतःशी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मागायला गेलो तर घराला कुलूप. ट्रॅक्टर पलीकडच्या मळ्यात, शेजारी मोटरसायकलवरून नाशिकला, आणि बॅटरी अर्थातच त्याच्या बुडाखाली. वर शेताच्या टोकाला बायको आणि गावातल्या बायका क्रेट भरत होत्या. गाडी रविवारपासून वरच उभी होती, आणि गावच्या वेल्डरने तिला जोडून दिलेल्या ट्रॉलीत अर्धा माल चढलाही होता. खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी बटण दाबलं. टिक्‌सुद्धा नाही. किकची सोय त्या गाडीला नव्हती.

आणि मला सुचलं: खाली जायचंय, उतार आहे, इंजिन हवंय कशाला?

न्यूट्रलवर टाकून मी पायाने जरा रेटा दिला. सुरुवात फार देखणी झाली. मागे केशरी रास, पुढे मी. मग वेग आला. मी ब्रेक दाबला. ब्रेकने ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही. वाट वळली, गाडी वळली नाही, आणि आम्ही सगळे शेजाऱ्याच्या शेणखताच्या ढिगात शिरलो.

मला खरचटलंसुद्धा नाही. ढीग मऊ होता. झेंडू मात्र त्यावर असा पसरला की कुणी पूजाच मांडली आहे. शेण पवित्र असतं, असं माझ्या मनात आलं. व्यापाऱ्याच्या मनात आलं नसतं. रविवारी नेमकं काय पास झालं होतं, तेही तिथे बसल्या बसल्या कळलं: शेजाऱ्याची बॅटरी आणि टेकाडाचा चढ.

बायको धावत आली. आधी तिने मला हात लावून पाहिलं, मग फुलं हातात घेऊन पाहिली, मग टाकून दिली. मग चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली. उरलेला माल आम्ही डोक्यावरून खाली नेला, बायका भराभर, मी मध्ये मध्ये बसत. टेम्पो कुरकुरत थांबला आणि अर्धाच भरून गेला.

तेवढ्यात शेजारी मोटरसायकलवरून परतला. ढिगाभोवती त्याने एक चक्कर मारली.

"दाजी, वाहनाची पूजा उद्या हाय. आन् एका गाडीला एक हार पुरतो."

तो हसला. बायको हसली नाही. तिचा अर्धा झेंडू त्या ढिगात होता. आता गप्प बसायचं, हे मला दिसत होतं.

"पण पास तूच केली होतीस," मी म्हणालो.

"केली," ती म्हणाली. "मी निदान दोनदा थांबवून तरी बघितली. आमच्या बापाने तर तुम्हाला न तपासताच पास केलं."