कोटऱ्याच्या गल्लीत अडकलेली आजोबांची गाडी

मंडळी, हात अजून ग्रीसने काळे आहेत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

भोपाळ राजधानी झालं, त्या १९५६च्या सुमारास आजोबांनी घेतलेली गाडी आज सकाळी बाबा हट्टाने चालवत होते. भोपाळच्याच कोटरा भागातल्या अरुंद गल्लीत मागे घेताना स्टीअरिंगखालचा गिअर अडकला आणि ॲक्सिलरेटरही दाबलेलाच राहिला. इंजिन किंचाळायला लागलं. शेजारी बसलेल्या मी चटकन किल्ली फिरवून ते बंद केलं. गाडी पुढेही सरकेना, मागेही. दोन्हीकडे भिंती, त्यामुळे दारं उघडेनात.

मी खिडकीतून बाहेर निघाले, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

"मला एकट्याला सोडून जाऊ नकोस गं."

मंडीदीपच्या कारखान्यात आयुष्यभर यंत्रं हाताळलेला माणूस माझं मनगट सोडेना.

"इथे समोरच आहे मी, बाबा."

बॉनेट उघडल्यावर मी त्यांना दिसेनाशी झाले. "आहेस ना?" ते सारखं विचारत होते. "आहे, आहे," म्हणत मी पान्याने गिअरचे दांडे जागेवर आणले, ॲक्सिलरेटरची अडकलेली सळी सोडवली.

खिडकीतून परत आत शिरायला गेले, तर बाबा शेजारच्या सीटवर सरकले होते.

"आता तूच चालवत जा," म्हणाले.

गाडी सुरू झाली, पण मला आनंद झाला नाही. तुमच्या वडिलांनी स्टीअरिंग सोडलं, तेव्हा तुम्ही त्यांना काय म्हणालात?