खड्ड्यातला कॅमेरा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — आईलाही नाही. तुम्हाला तरी का सांगते आहे? ठाऊक नाही.

मी भौतिकशास्त्र शिकले. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये, एवढं मला नक्की कळत होतं. तरीही त्या माणसावर मी संशय घेतला. पुरावा काय? तो माझ्याकडे बघून सहायकाशी तेलुगूत बोलायचा आणि दोघं हसायचे. बस्स.

हैदराबादहून आलेला तो दिग्दर्शक आमच्या तेर गावाजवळ चित्रीकरण करत होता. मी त्याची स्थानिक मदतनीस. त्याचा पहिला चित्रपट पडला होता. हा दुसरा — आणि निर्मात्यानं बजावलं होतं, आता काही अडलं तर पैसा बंद. शेवटच्या दृश्यासाठी मी एक कल्पना सुचवली: कॅमेरा जमिनीखाली ठेवा, म्हणजे चालत येणारी म्हातारी आभाळाला टेकलेली दिसेल. त्यानं ती कल्पना लगेच उचलली. माझं नाव मात्र कुणापुढं घेतलं नाही. पुढं घेणार होता का? मी विचारलं नाही. चोर ठरवून मोकळी झाले.

गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या, आबांच्या रानात खड्डा खणला गेला. मोठ्या दृश्याआधी दृष्ट काढायची चित्रपटवाल्यांची रीत — कुंकू भरलेला कोहळा फोडला. आमच्या शिवारात नांगराला जुने मणी, खापरं लागतात. तिथं खड्डा, कोहळा आणि कुंकू एका जागी दिसलं, की लोकांच्या मनात एकच शब्द येतो — गुप्तधन.

आबांनी मला बांधावर गाठलं. "पोरी, तू शिकलेली हैस. खरं सांग, खड्ड्यात बसून कुणी शिनेमा काढतंय व्हय?"

"काढतेत की आबा," मागून कुणी तरी म्हणालं, "हंडा घावला की शिनेमा संपला!"

सगळे हसले. एका वाक्याचं काम होतं — खड्डा माझ्याच सांगण्यावरून खणला होता. मी म्हणाले, "आबा, मला त्यांनी काही सांगितलेलं नाही. ते आपसांत तेलुगूत बोलतात."

दुपारपर्यंत गाव लोटलं. खड्डा बुजवला, चित्रीकरणाच्या माणसांना धक्काबुक्की झाली, पोलीस आले. चौकशीत काहीच निघालं नाही. पण चित्रीकरण थांबलं ते थांबलंच. निर्मात्यानं हात झटकले.

निघताना गाडीजवळ दिग्दर्शकानं मला विचारलं, "आप तो समझाए ना इन लोगां को?"

"समझाया," मी म्हणाले. "माने नहीं."

त्यानं हात जोडले.

त्यानंतर त्याला कुणी चित्रपट दिला नाही. मी मात्र या क्षेत्रात स्थिरावले — हे काम मी त्याच्याच हाताखाली शिकले होते.

तो माझं श्रेय देणार होता की लाटणार होता, हे मला आजही माहीत नाही. लाटणार होता असं धरलं, तरी? आबांनी मला विचारलं होतं. मला उत्तर माहीत होतं.