चंपाआक्काची चतुर्दशी

महिन्यातून दोन दिवस आमची गल्ली ओळखू येत नसे. एरवी चंपाआक्काचा आवाज तिच्या तंबाखूच्या वखारीतून निघून थेट आमच्या चुलीपर्यंत पोचायचा. हमालांशी ती मराठीत भांडायची, चिकोडीकडच्या गाडीवानांशी कन्नडमध्ये, आणि देवाशी दोन्ही भाषांत. पण चतुर्दशी उजाडली की तिचं तोंड बंद. दिवसभर नुसते हातवारे. एखादा गाडीवान चुकला तर ती कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहायची. मग तोच काकुळतीला येऊन म्हणायचा, "आक्का, त्यापरीस दोन शिव्या घाला की!"

हे मौन तिच्या औषधपाण्याचा एक भाग होतं, असं सांगितलं तर बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही. आक्का आता नाही. गेल्या थंडीत ती झोपेतच गेली. पण आदल्या दिवसापर्यंत ती बस्तीत, म्हणजे आमच्याकडच्या जैन मंदिरात, दर्शनाला आपल्या पायांनी जात होती. ते पाय कसे राहिले, ते मला जमेल तसं सांगतो.

आक्का निपाणीतल्या जैन व्यापाऱ्याची विधवा. नवऱ्यामागं वखार तिनंच सांभाळली. माझी आई तिच्याकडं तंबाखू निवडायला जायची आणि आमचं घर वखारीच्या भिंतीला लागूनच होतं, त्यामुळं आक्काचं दुखणंखुपणं आम्हाला घरच्यासारखं ठाऊक. तिला मधुमेह होता. जिना चढताना दम लागायचा, संध्याकाळी पाय सुजायचे. त्यातच डाव्या तळव्याला खिळा लागून झालेली जखम भरून येईना. ती हसून म्हणायची, "माज्या अंगात तीन भाडेकरू घुसल्यात. भाडं एकबी देत न्हाय, आन् एकमेकांशी बोलत बी न्हाईत."

बोलत नव्हते ते खरं तर तिचे वैद्य. मधुमेहासाठी बेळगावचे डॉक्टर होते. त्यांनी इन्सुलिनची सुई सुरू केली होती आणि ती मांडीत कशी टोचून घ्यायची तेही शिकवलं होतं. हे औषध जनावराच्या अंगातून काढतात, हे त्यांनी लपवलं नाही. आक्का आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही. मग आईला म्हणाली, "दुसऱ्या जिवाचं घिऊन जगायचं, तर मग उगं बसून जगून चालायचं न्हाय गं." आणि तिनं सुई घेतली. दम्यासाठी आणि सुजेसाठी गल्लीतलेच उपाध्ये वैद्य होते. त्यांना ती आप्पा म्हणे. ते काढा देत, आणि शक्ती यावी म्हणून गुळातला अवलेह, म्हणजे चाटण. डॉक्टरांना अवलेहाचा पत्ता नव्हता, आप्पांना सुईचा नव्हता. आक्कानं दोघांनाही सांगितलं नव्हतं. आईनं विचारलं तर म्हणाली, "एका पाव्हण्याला दुसऱ्या पाव्हण्याचं कौतुक सांगू ने. दोघांचं बी मन कशाला मोडा?"

इकडं जखम काळवंडत चालली. डॉक्टर सुईचं माप वाढवत होते आणि साखर का हटत नाही म्हणून चकित होत होते. शेवटी त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आणखी महिनाभर बघू. नाहीतर पाऊल काढावं लागेल." त्या दिवशी बेळगावहून आल्यावर आक्का वखारीच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ तळव्याकडं बघत राहिली. "पाय गेला तर बस्तीची पायरी कोन चढंल?" एवढंच ती म्हणाली. तिला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

त्यानंतरच्या चतुर्दशीची गोष्ट. आक्काचा दिवसभर कडक उपास होता. एरवीही ती चार वाजताच जेवून घेई, दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नसे. पण डॉक्टरांनी दिवेलागणीला सुई घ्या, मग जेवा असं सांगितलेलं. सुई म्हणजे औषध, अन्न नव्हे, त्यामुळं उपास मोडत नाही, असा तिचा हिशेब. तिनं सुई घेतली आणि जप करायला बसली. थोड्या वेळानं आई दिवा न्यायला गेली, तर आक्का घामानं चिंब, हात थरथरतायत आणि तोंडातून काहीतरी असंबद्ध चाललेलं. आईनं हाक मारली तसे आप्पा धावत आले. त्यांना वाटलं, छातीतली ताकद गेली. त्यांनी अवलेह बोटावर घेऊन तिच्या हिरड्यांना चोळला. ती दात आवळून मान फिरवत होती, तरी ते चोळतच राहिले. हळूहळू तिची नजर ठिकाणावर आली. आणि पहिलं वाक्य काय, तर "दिस बुडाल्यावर माज्या तोंडात कुनी घातलं?"

"मी घातलं," आप्पा म्हणाले. "पाप माझ्या माथी. आता खरं सांग, सांजचं काय घेतलं होतंस?"

तेव्हा सुई बाहेर आली. आप्पा रागावले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "आणि मी तुला रोज गूळ चारतोय, आक्का."

दुसऱ्या दिवशी आक्कानं बेळगावला निरोप धाडला. डॉक्टर महिन्यातून एकदा कोल्हापूरला जात आणि त्यांची मोटार निपाणीवरूनच जायची. "वाटेत दोन घास खाऊन जावा," एवढाच निरोप होता. आप्पांनाही जेवायला सांगितलं. दोघं समोरासमोर आले तेव्हा तोंडं बघण्यासारखी झाली. डॉक्टर अशा वैद्यांना काढेवाले म्हणत आणि आप्पा अशा डॉक्टरांना सुईवाले. आक्कानं दोघांना शेजारी शेजारी पाट मांडले आणि आईला खूण केली. आईनं एकच ताट आणून दोघांच्या मध्ये ठेवलं. त्यात भात नव्हता, भाजी नव्हती. इन्सुलिनची कुपी, सुई, काढ्याचा गडू, अवलेहाची बरणी, जखमेचं मलम, आणि कडेला लोणच्याच्या खारट फोडी अन् पापड.

"हे माजं रोजचं ताट," आक्का म्हणाली. "तुमी दोगं माज्या अंगात येगळं येगळं नांदताय. आज एका पंगतीला बसा. काय ऱ्हावं, काय उचलावं, ते ठरवा. मग खरं जेवान वाढते."

डॉक्टर आधी हसले. मग बरणी उघडून त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि त्यांचं हसू गेलं. "अहो वैद्यबुवा, मी सुई वाढवतोय ती याच्याशी लढायला!"

"आणि तुमची सुई ही बाई उपासाच्या पोटी घेते, ते तुम्हाला ठाऊक होतं?" आप्पांनी विचारलं.

"उपासाच्या पोटी?" डॉक्टर आक्काकडं वळले. "मला का नाही सांगितलं?"

"तुमी कवा इचारलं?" आक्का म्हणाली.

स्वयंपाक निवत राहिला आणि ते दोघं वाद घालत राहिले. अवलेह उठला. काढा राहिला, पण त्यात काय काय आहे ते आप्पांनी डॉक्टरांना एकेक करून सांगितल्यावर. सुई संध्याकाळवरून चार वाजताच्या तिच्या जेवणाआधी आली. जखम रोज आप्पांनी धुवायची आणि ती कशी आहे ते दर खेपेला डॉक्टरांना सांगायचं. कधी घाम सुटला, हात कापायला लागले, तर वेळ न बघता गूळ तोंडात टाकायचा. आक्का तोंड उघडणार तोच आप्पा म्हणाले, "ते अन्न नव्हे, औषध. हिशेब तुझाच आहे."

लोणच्यापापडावर मात्र आक्का अडून बसली. डॉक्टर म्हणाले, सुजेला मीठ वाईट, पथ्य पाळा. ती म्हणाली, "पथ्य मोडतंय, डॉक्टरसाहेब. सगळ्यांचं मोडतंय." आप्पा बस्तीतली पूजा करणारे जैन उपाध्ये, त्यांना आपल्या माणसांची नस ठाऊक. ते म्हणाले, "पथ्य नको. नेम घे. मिठाचा त्याग." आक्कानं लोणच्याच्या फोडी ताटाबाहेर सारल्या. पथ्य डॉक्टरांचं असतं, नेम आपला असतो. नेम मोडलेला तिच्या घराण्यात कुणी नव्हता.

शेवटी प्रश्न चतुर्दशीच्या उपासाचा राहिला. डॉक्टर हात जोडून म्हणाले, सुई घेणाऱ्या बाईनं उपाशी राहायचं नाही. आक्का म्हणाली, "मग चतुर्दशी सोडू व्हय?" आप्पांनी तोडगा काढला. "सोडू नको. पोटाचा उपास आजारी माणसाला माफ असतो. तू जिभेचा कर. त्या दिवशी बोलायचं नाही."

"दिसभर?" आक्का किंचाळलीच. "त्यापरीस पाय कापा!"

आई पदर तोंडाशी धरून आत पळाली. डॉक्टरांना ठसका लागला. पण आक्कानं तिथंच बस्तीच्या दिशेला हात जोडले आणि नेम घेतला.

जखम एकदम बरी झाली नाही. पहिला महिना तसाच गेला, पाऊल जाणार की राहणार या काळजीत. मग एका खेपेला डॉक्टरांनी पट्टी सोडली, तळव्याशी वाकून पाहिलं आणि आप्पांना म्हणाले, "बघा, कडेनं लाल मांस आलंय." आप्पा म्हणाले, "मी चार दिवसांपूर्वीच पाहिलं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." पुढं आक्कानं वखारीचा कट्टा रिकामा करून दिला. डॉक्टरांची मोटार थांबायची त्या दिवशी दोघं तिथं शेजारी बसू लागले, आणि आजूबाजूच्या गावांतले मधुमेहाचे, दम्याचे लोक येऊ लागले. कुणी एखादं औषध सांगायचं टाळलं की आक्का ओरडायची, "समदं ताटात मांड रं! हितं लाजायचं न्हाय."

मी मॅट्रिक झालो आणि बेळगावला कॉलेजात जायचं ठरलं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला, त्यामुळं आईला आनंदापेक्षा धास्तीच जास्त. निघायच्या दिवशी नेमकी चतुर्दशी आली. आक्का मोटार स्टँडपर्यंत आमच्याबरोबर चालत आली. आई तिला विनवत म्हणाली, "आक्का, आज तेवढं पोराला दोन शब्द सांगा. एवढ्या दूर चाललाय."

आक्कानं मान हलवली. नेम तो नेम. तिनं माझ्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं, सूर्याकडं बोट केलं, मग माझ्या तोंडाकडं. वेळेवर जेव. मग लुगड्याचा काठ जरा वर उचलून तिनं डावा पाय पुढं टाकला, त्यानं जमीन ठोकली आणि बेळगावच्या रस्त्याकडं हात केला. पाय रोवून चाल.

मोटार सुटल्यावर मी मागं वळून पाहिलं. आई तिथंच डोळे पुशीत उभी होती. आक्का तिचा हात धरून तिला घराकडं नेत होती, आणि जरासुद्धा लंगडत नव्हती.