टाचणीने विकत घेतलेलं कुलूप

रंगभूमीवर मी चाळीस वर्षं सूड घेतले. प्रयोगागणिक एक. ज्याला मारायचो, त्याच्याच शेजारी बसून नंतर चहा प्यायचो आणि दाढीचा गोंद सोडवायचो. खरा सूड मात्र आयुष्यात एकच पाहिला. तो घेतला आमचा कपडेपट सांभाळणाऱ्या बाईने.

तिला सगळे टाचणी म्हणायचे. एक तर तिच्या ओठांत सदा टाचण्या धरलेल्या असत, आणि त्या काढून बोललीच, तर टोचायचीच. मला ती ‘राजे’ म्हणे, कारण मी राजाच्या भूमिकेत पहिल्यांदा तिच्यापुढे उभा राहिलो होतो. माझ्या कमरेला टेप लावून म्हणाली होती, "राज्य वाढवा, राजे. घेर नको."

एका तालमीत मी चौथऱ्यावरून पडलो. गुडघ्याला पट्टी करायला दवाखान्यातून एक नर्स आली. पट्टी दहा मिनिटांत झाली. नर्स कपडेपटाच्या दारात तासभर रेंगाळली. पुढची सव्वीस वर्षं त्या दोघी एकत्र होत्या. नर्सला आम्ही सिस्टर म्हणायचो. माझ्या गुडघ्याने जोडलेली जोडी, असं मी कौतुकाने सांगत फिरायचो.

दोघी सिस्टरच्या घरी राहत. वरचा मजला सिस्टरचा, खालचा तिच्या आईचा. वडिलांनीच तशी वाटणी केली होती. भावाच्या वाट्याला कुलपांचं दुकान आलं होतं आणि तो आईबरोबर खाली राहायचा. जिन्यात टाचणी दिसली की भिंतीकडे बघत चढायचा.

मग सिस्टर आजारी पडली. आजार कोणता आणि दिवस किती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने स्वतःच्या सुरेख अक्षरात मृत्युपत्र लिहिलं, वरचा मजला टाचणीला. साक्षीला दोन माणसं हवी होती. एक मी. दुसरं शोधायला मी निघणार, तर सिस्टर टाचणीला म्हणाली, "तूच कर गं सही. आपल्या दोघींची नावं असलेला एक तरी कागद असू दे."

लग्नाच्या नोंदवहीत त्यांना जागा नव्हती, म्हणून या कागदावर त्यांनी शेजारी शेजारी सह्या केल्या. मी टाळ्या वाजवल्या. गाढव मी! एखाद्या वकिलाला विचारावं, हे तिघांपैकी एकालाही सुचलं नाही.

आमच्याकडचा कायदा असा, की ज्याला मिळायचं त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचं मिळणं रद्द. मजला गेला आई आणि भावाकडे. आईच्या हिश्श्यावर भावाने जेवणाच्या टेबलाशीच सही घेतली. सिस्टरला स्मशानात पोहोचवून आलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी वरच्या दाराला नवं कुलूप होतं. शिवणयंत्र जिन्यात काढून ठेवलेलं.

टाचणी म्हणाली, "माझं घर आहे हे."

"तुम्ही साक्षीदार ना?" भाऊ म्हणाला. "मग साक्ष झाली. निघा."

आई खालच्या दारात उभी होती. स्वतःच्या चपलांकडे बघत.

यंत्राचं एक टोक मी धरलं, एक तिने. ती माझ्या पुढच्या खोलीत राहायला आली. महिनाभर रडली नाही की शिवलं नाही. मग एका वकीलबाईंकडे गेली आणि आपला कागद कुठे उसवला ते टाक्याटाक्याने समजून घेतलं. त्यानंतर तिने धंदाच मांडला म्हणा ना, बिनपैशाचा. तिच्यासारख्या जोड्या कुठून कुठून यायच्या. दोन पुरुष आणि त्यांची एक मुलगी, दोन निवृत्त शिक्षिका. ती त्यांना दटावून वकीलबाईंकडे न्यायची. मृत्युपत्र, आजारपणात निर्णय कुणी घ्यायचा त्याचं अधिकारपत्र, मुलीच्या पालकत्वाचा कागद. आणि साक्षीदार स्वतः. "मला कुणाचं काही मिळायचं नाही," म्हणायची. "माझ्याइतका चोख साक्षीदार शोधून सापडणार नाही." सही करताना दरवेळी पुटपुटायची, "ही त्याच्या नाकावर."

मला वाटलं, एवढ्यावर तिचा राग शमेल. सहा वर्षांनी सिस्टरची आई माझ्या दारात आली, काठी टेकत, धापा टाकत.

"तेव्हा मी दारात उभी होते, पोरी," ती टाचणीला म्हणाली.

"दिसलात. चपला बघत होतात."

"आता नाही बघत. खालचा मजला माझ्या नावावर आहे. तो तुला द्यायचाय."

टाचणीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून मनगटावरच्या छोट्या गादीत खोचल्या. "दया नको मला, आई."

"दया कसली? तो मला रोज आत कोंडून दुकानात जातो. पडेन म्हणे! पोटच्या पोराने कुलूप लावावं? आज डॉक्टरकडे जायचंय म्हणून सुटले."

पुढच्या मंगळवारी अकरा वाजता, डॉक्टरांच्याच खोलीत म्हातारीचं मृत्युपत्र झालं. वकीलबाई आल्या. म्हातारी शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला. साक्षीला ते आणि मी. टाचणी मात्र नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "मी त्या वेळी अशा ठिकाणी असेन राजे, की शत्रूनेही शपथेवर सांगावं."

ती त्याच्या दुकानात गेली होती. बरोब्बर अकराला.

"चांगलं कुलूप दाखवा."

"तुम्हाला कशाला कुलूप?" तो हसला. "दार आहे का?"

"होईल."

तासभर तिने त्याला शिडीवर चढवलं-उतरवलं. सगळे खोके काढायला लावले. हे हलकं, ते गंजेल, याचा आवाज वाईट. शेवटी पहिलंच घेतलं.

"पावती द्या. तारीख घाला, अकरा ते बारा अशी वेळ घाला. माझं नाव लिहा आणि खाली सही करा."

"साक्षीदाराची खोड गेली नाही वाटतं!" तो म्हणाला, आणि ऐटीत सही ठोकली.

दोन वर्षांनी म्हातारी गेली. अपेक्षेप्रमाणे भाऊ कोर्टात. शपथेवर म्हणाला, ही बाई त्या दिवशी आईच्या उशाशी होती, हिनेच हात धरून सही करवली, मला बघणाऱ्याने सांगितलंय. एका शेजाऱ्याला पढवूनही आणलं होतं. वकीलबाईंनी शांतपणे पावती पुढे केली.

"ही सही तुमची?"

मी आयुष्यभर वाक्य विसरलेले नट पाहिलेत. पण विंगेत सांगायलाही कुणी नाही, असा नट तो पहिलाच. तीन वेळा तोंड उघडलं त्याने. मग म्हणाला, "माझी." मागच्या बाकावर टाचणी ताठ बसली होती. हसली नाही. फक्त पदराची टाचणी काढून पुन्हा नीट लावली.

आता खालचा मजला तिचा. दाराला तेच कुलूप. पाटीवर दोघींची नावं, सिस्टरचं आधी, आणि वरच्या मजल्याचा जिना त्या पाटीसमोरूनच जातो. सकाळी सहाला शिवणयंत्र सुरू होतं. संध्याकाळी सह्यांसाठी जोड्या येतात, त्यांच्या चपला पार जिन्यापर्यंत पसरतात. भाऊ त्या ओलांडून वर जातो. तिने कधीच कुणाला चपला आवरायला सांगितलं नाही.

मी एकदा म्हटलं, "पुरे आता. म्हातारा झाला तो."

"तुमचा सूड तीन अंकांत संपायचा, राजे. मला इथे राहायचंय."

परवा मी तिच्याकडे बसलो असताना तोच दारात आला. हातात कोट. बाही उसवली होती आणि त्याला सुईत दोरा ओवता येईना, हात कापतात. बराच वेळ पाटीकडे बघत राहिला.

"एवढं शिवून देता का?" म्हणाला.

टाचणीने कोट घेतला, शिवण बोटांनी चाचपली आणि परत त्याच्या हातात ठेवला.

"देते की. दोन साक्षीदार घेऊन या."

माझं मन द्रवलं. "एक मी होईन," मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा, राजे."

तो वर गेला, पायरी पायरी मोजत. वरचं कुलूप उघडायला त्याला फार वेळ लागला. तो सगळा वेळ टाचणी पायाने यंत्र थांबवून, मान वर करून ऐकत होती.