भाजीच्या कप्प्यातली झोप

फोन हसनचाचांच्या मुलीचा होता. "अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठे?"... चाचा सुट्टीवर दापोलीकडे गावी होते. गेले म्हणजे बाजारात, नाहीतर बहिणीकडे, असंच मला वाटलं. ती रडायला लागली तेव्हा कळलं. दफनसुद्धा झालं होतं. मी त्यांना मेलेलं पाहिलं नाही, आणि तेच मला सोडत नाही.

आखातात, अबू हलीफा गावातल्या एका खोलीत आम्ही सहा जण. चाचा शिंपी, मी एसी दुरुस्त करणारा. सातवीतच शाळा सोडलेली. फॉर्म समोर आला की हाताला घाम सुटायचा. पहिली दोन वर्षं माझा प्रत्येक कागद चाचांनी भरला. मग एक दिवस पेन माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता तू. चुकलं तर खोड, कुणी फाशी देत नाही."

त्यांचा शौक एकच. पावसानंतर इमारतीमागच्या वाळूत सापडलेली राणी मुंगी त्यांनी काचेच्या नळीत पाळली होती. तळाशी पाणी, मध्ये कापसाचा बोळा, अलीकडे ती आणि तिच्या लेकी. थंडी पडली की नळी रुमालात गुंडाळून फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात. वसंत येईपर्यंत मुंग्यांनी निजायचं. खोलीतले ओरडायचे, "गावाकडे साखरेला मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्यात ठेवतात, आणि हा म्हातारा मुंग्यांना कोथिंबिरीत निजवतो!"

"कोथिंबीर तुमची शिळी," चाचा म्हणायचे, "मुंग्या माझ्या ताज्या आहेत."

पहिल्याच हिवाळ्यात मी घोळ घातला. चाचा दुकानात असताना नळी काढून पाहिली तर एकीचाही पाय हलेना. मेल्या, असं वाटून घाबरलो आणि नळी हीटरसमोर धरली. हलल्या खऱ्या, वेड्यासारख्या धावल्या, आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या पाय आखडून पडल्या. चाचांनी शिवी दिली नाही. उरलेल्यांकडे बघत म्हणाले, "बाबू, न हलणं म्हणजे मरणं नाही रे. तुला धीर नाही, एवढंच."

या खेपेला जाताना मात्र नळी माझ्यावरच सोपवली. "मी परत येईन त्या दिवशी काढ. हीटर नको. फरशीवर ठेव आणि गप बस."

फोननंतरचे आठवडे मी फ्रिज उघडायचो, पण खालच्या कप्प्याकडे बघायचो नाही. न हलणं म्हणजे मरणं नाही... नळी बंद आहे तोवर चाचाही कुठेतरी रुमालात निजलेत, असं वाटायचं. वेडेपणा होता, कळत होतं. पण नळी उघडली आणि त्याही मेलेल्या निघाल्या तर?

ते यायचे होते तो शुक्रवार उजाडला. मी नळी काढली, फरशीवर ठेवली, गप बसलो. चहा गार झाला. काही नाही. दोनदा हात हीटरकडे गेला, दोनदा मागे घेतला. मग राणीची एक मिशी हलली... मग एका लेकीचा पाय.

"चाचा, उठल्या!" मी ओरडलो आणि त्यांच्या खाटेकडे वळलो.

तिथे आठवड्यापूर्वी आलेला नवा भाडेकरू झोपला होता. तो दचकून उठला. "क्या हुआ भाई? किसको बुलाया?"

"किसी को नहीं," मी म्हणालो. तेव्हा कुठे मला रडू आलं.